पायाखालची नावं

शुभा,

तुझ्या अस्थी अजून आम्हाला मिळालेल्या नाहीत. इथला डच कायदाच तसा आहे. दहन झालं की महिनाभर त्या त्यांच्याकडेच राहतात, घरच्यांना शांतपणे विचार करता यावा म्हणून. हे कळल्यावर अभय त्या दहनगृहातल्या बाईंशी चक्क मराठीत बोलायला लागला. "अहो, मग दहावा कशाचा करू मी?" बाईंनी मान हलवली आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. धार्मिक कारण असेल तर लवकर मिळण्यासाठी अर्ज करता येतो, म्हणाल्या. तुझा भाऊ अर्ज करायला उठलाच होता. मी म्हटलं, राहू दे रे, जाऊ दे महिना. त्याला वाटलं, मी दमले आहे.

गुरुजींनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं की दहाव्याचं अस्थींवाचून अडत नाही, विसर्जन मागाहून करा. मग आमच्या मागच्या अंगणात अभयने पिंड ठेवला. आर्नहेमचे कावळे तुला ठाऊक आहेत. एरवी कचऱ्याच्या पिशव्या फाडायला शेजाऱ्यांच्या आधी उठतात. त्या दिवशी एक फिरकेल तर शपथ. अभय हात जोडून उभा. "शुभे, वाईला नेतो तुला. आई-बाबांना सोडलं तिथेच, कृष्णेत. काळजी करू नकोस." कुणी आलं नाही. "तुझ्या भाचीचं, ईराचं, सगळं नीट करीन." तरी नाही. शेवटी एक धटिंगण सीगल आला आणि भाताचा गोळा उचलून शेजारच्या छपरावर घेऊन गेला. अभयने माझ्याकडे पाहिलं. "हा चालतो का गं?" मला हसू फुटलं, आणि मागोमाग असं रडू आलं की मी स्वयंपाकघरात निघून आले.

कारण तुझी इच्छा काय होती हे मला माहीत आहे. इंग्लंडमधल्या त्या चर्चमध्ये तू मला जे म्हणालीस, ते मी अभयला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्याची वाई जाते. आई-बाबांच्या शेजारी बहीण, एवढा एकच आधार त्याने धरलाय सध्या. नाही सांगितलं तर तुझं म्हणणं कृष्णेत वाहून जाईल आणि ते ऐकलेली मी एकटी उरेन. महिना संपायच्या आत मला ठरवायचं आहे. तुझ्याबद्दल काही ठरवायचं असलं की मी तुलाच विचारत आले. आता कुणाला विचारू? म्हणून हे लिहायला बसले आहे.

तू गेलीस ती स्लोटरडाइक स्टेशनच्या जिन्यावर कोसळून. हेगहून नेहमीची गाडी, नेहमीचा फलाट, समोर तुझं ऑफिस. एका अनोळखी मुलीने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं म्हणे. ती कोण, कुठली, काही कळलं नाही. तिला माहीत होतं का की तुला केसांना हात लावलेला खपत नाही? तुझ्या फोनमध्ये अडीअडचणीचा नंबर माझा होता. सख्खा भाऊ असताना भावजयीचा नंबर! एरवी यावरून मी तुला महिनाभर सळो की पळो केलं असतं. फोनवरचा माणूस सावकाश, सुटं सुटं डच बोलत होता, परक्या माणसाशी बोलतात तसं. त्याला काय ठाऊक, मला डच तू शिकवलं होतंस. त्यातला एकही शब्द मला अडला नाही. अडायला हवा होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू इथे चांगली मुरलेली होतीस. शिकायला आलीस आणि राहिलीस. सासूबाईंनी मला निघताना बजावलं होतं, नणंदेला नावाने हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं. मी विमानतळावर सगळ्यांसमोर "वन्सं" म्हटलं आणि तू म्हणालीस, "पुन्हा म्हणालीस तर याच विमानाने परत धाडीन." तेव्हापासून भांडण काढायचं असलं की मी तुला वन्सं म्हणायची आणि तू मला वहिनी. एरवी तू शुभा आणि मी मेधा. सायकल तू शिकवलीस, पडल्यावर हसलीसही तूच. गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीपाशी काय बोलायचं, डॉक्टरने पॅरासिटामॉल घे म्हणून घरी पाठवलं तर खुर्चीतून कसं उठायचं नाही, ईराला इथल्या शाळेत डब्यात काय द्यायचं म्हणजे कुणी नाक मुरडणार नाही, हे सगळं तुझं. मला या देशात कुणी आणलं तर अभयने. ठेवून कुणी घेतलं तर तू.

तुला निरोप दिला त्या दिवशी सगळं वेळेवर झालं. पेटी, फुलं, खुर्च्या, मंद आवाजातलं कुठलं तरी संगीत. ईरा बोलली, डचमध्ये. छान बोलली, आत्याने तिला कालव्याच्या कडेने चालायला शिकवलं वगैरे. मग सगळ्यांना बाजूच्या खोलीत नेलं आणि कॉफी आली, बरोबर केकचा एकेक तुकडा. शुभा, मला ती बशी भिंतीवर फेकाविशी वाटली. आपल्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, आणि इथे तुझ्या ऑफिसातले लोक काट्याने केक मोडत होते. ईरा कानात म्हणाली, "आई, प्लीज. दे मीन इट काइंडली." मला कळत होतं ते. मी तो केक खाल्ला. तेव्हापासून तोंडाला चव नाही.

आपली ती सहल आठवते तेव्हा मात्र सगळं लख्ख आठवतं, म्हणून त्रास जास्त होतो.

ईरा घराबाहेर राहायला गेली, अभय कामात बुडालेला, आणि मी घरात येरझारा घालत होते. तू वाचनालयातून एक पत्रक घेऊन आलीस. इंग्लंडमधली ऐतिहासिक गावं आणि चर्चेस, बसने, गटाबरोबर. मी म्हटलं, चर्चेस? तू देवळात जात नाहीस! तू म्हणालीस, "म्हणून तर. तिथे मला कुणी हळदीकुंकू लावत नाही." मला वाटलं होतं, एखादी आपल्या लोकांची सहल बघू. थेपले, अंताक्षरी, रात्रीला वरणभात. तुझं उत्तर ठरलेलं. "ज्या सहलीत सकाळी पोहे मिळतात त्या सहलीला मी येणार नाही." झालं. निघालो आपण. अख्ख्या बसमध्ये निवृत्त डच मंडळी, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि त्यात पन्नाशी ओलांडलेल्या आपण दोघी म्हणजे तरण्याताठ्या पोरी. तरी मी पिशवीत चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी टाकलीच. हुक ऑफ हॉलंडला बोटीवर चढलो, डेकवरच्या खुर्च्यांवर बसलो, आणि समोरच्या आजोबांनी पिशवीतून घरचं चीज, घरचा ब्रेड आणि घरचाच थर्मास काढला. त्यांचं बघून साऱ्या गटाने काढला. तू माझ्या कानाशी आलीस. "बघ, यांचे थेपले." मी इतकी हसले की ठसका लागला. मग तूच माझा चिवडा सगळ्यांना वाटलास, आणि कोरी नावाच्या त्या उंच बाईंना तो इतका आवडला की इंग्लंड येईपर्यंत डबा रिकामा.

पहिलं चर्च ईली गावचं. सपाट शेतांमधून लांबूनच दिसत राहिलेलं. आत गेलो आणि सगळ्यांच्या माना वर, छताकडे. आपल्या दोघींच्या मात्र खाली. जमिनीला फरशी म्हणून जे होतं ते थडग्यांचे दगड होते. काळे, करडे, गुळगुळीत. प्रत्येकावर नाव. आपल्या इथल्या जुन्या चर्चमध्येही असेच असतात म्हणे, पण इतकी वर्षं राहून आपण कधी आत गेलो होतो? राहतो तिथलं कोण बघतं?

माझा पाय एका नावावर पडला आणि मी चटकन वाकून दगडाला हात लावला, हात छातीशी नेला. विचार करून नव्हे. लहानपणापासून पुस्तकाला, माणसाला, झाडूलासुद्धा पाय लागला की हात आपोआप जातो. वर पाहते तर तूही तेच करत होतीस. देव न मानणारी तू! "माणूस आहे गं खाली," असं पुटपुटलीस जराशी ओशाळून. मग आपण दगड चुकवत चालायला लागलो. दोन दगडांच्या मधल्या फटीवर पाय, एक उडी, थोडं वाकडं, परत उडी. मधूनच पाय लागायचा की खाली वाकून नमस्कार. तुला कंबरेचा त्रास, तरी वाकत होतीस.

कोरीबाईंनी हे पाहिलं. त्यांना वाटलं, आपलं काही हरवलंय. "कानातलं पडलं का?" असं विचारून आपण काही सांगायच्या आत त्या गुडघ्यांवर बसल्या. ते पाहून थर्मासवाले आजोबा वाकले. मग आणखी कुणी. बघता बघता सगळा गट त्या भव्य छताखाली फरशीवर हात फिरवत माझं न हरवलेलं कानातलं शोधत होता. गाइड पार पुढे वेदीपाशी पोचलेली, मागे वळून बघते तर हे. तू डचमध्ये समजावलंस. आमच्यात माणसाला पाय लावत नाहीत, लागला तर माफी मागतात. कोरीबाई उठल्या, गुडघे झटकले आणि आपल्या पायांखाली बघितलं. मग सहल संपेपर्यंत त्या बाई एकाही दगडावरून चालल्या नाहीत. लांबलांब टांगा टाकत, हातातली छत्री टेकत, कडेकडेने. इतकी वर्षं मी तुझ्याबरोबर कितीतरी ठिकाणी हसले असेन, पण त्या दिवसासारखं नाही. आता त्यावर हसायला दुसरं माणूसच नाही. कोरीबाईंना सांगितलं तर त्या गंभीर होतील.

मी हसून विसरले. तू मात्र त्या दगडांनाच धरून बसलीस. लिंकन शहरात त्या उभ्या चढावरून धापा टाकत चर्चपाशी पोचलो, गट रंगीत काचांसमोर थांबला, आणि तू खाली बघत एकटीच पुढे. पुसट झालेली नावं वाचायचीस, मला खुणावून बोलवायचीस. अमक्याची पत्नी. तमक्याची कन्या. झिजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायचीस. तिथे सेवेला येणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या, निळी पट्टी गळ्यात. त्यांना तू विचारलंस की यांना लोकांनी तुडवलेलं चालायचं का? त्या म्हणाल्या, चालायचं काय, हवंच असायचं. लोकांच्या येण्याजाण्यात राहायचं होतं त्यांना. तुझा चेहरा मी ओळखते. काहीतरी शिजत होतं.

मग ते शेवटचं लहानसं चर्च, एका खेड्यातलं, जिथे बस वळवता येईना म्हणून आपल्याला चालायला लावलं. आत कुणी नव्हतं. ओलसर वास, पितळी दिवे, आणि दाराजवळ एक दगड. त्यावर कुणाची पत्नी नव्हतं, कुणाची कन्या नव्हतं. एका बाईचं नाव आणि खाली, या गावची. बस. तू त्या दगडाच्या कडेला मांडी घालून बसलीस. गट बाहेर गेला तरी उठेनास. मी म्हटलं, "वन्सं, बस सुटेल." तू वर पाहिलंस आणि म्हणालीस, "मेधा, मला असं हवं."

"कसं?"

"असं. नाव, आणि या गावची. मी कुठल्या गावची आहे सांग ना. वाईला गेले तर लोक विचारतात, कधी आलात, कधी जाणार. हेगला ट्रॅममध्ये विचारतात, मूळच्या कुठल्या. मला कुणाची बायको व्हायचं नव्हतं, झाले नाही. पोर नाही. मी गेले की कोण म्हणणार इथे एक होती म्हणून?"

मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हटलं, "आपल्यात असं नसतं, शुभा. आपण जातो म्हणजे जातो. दगड-बिगड ठेवून कशाला अडकून पडायचं? आणि तेही लोकांच्या पायाखाली?"

"पाय तर लागू देत कुणाचे तरी," तू म्हणालीस.

हे तू सहज म्हणालीस. मी सहज घेतलं नाही. मला राग आला, कारण मी आहे ना. अभय आहे, ईरा आहे. आम्ही कोण मग? पण हे बोलायचं सोडून मी वाद घालत बसले, आपल्या नेहमीच्या पद्धतीने. बसमध्ये वाद, चहाच्या दुकानात स्कोनवर लोणी फासताना वाद. गटातले लोक समजत असतील, या दोघी प्रॉपर्टीवरून भांडताहेत. मी म्हटलं, चर्चमध्ये तर आता कुणालाच पुरत नाहीत, विसर. तू म्हणालीस, दफनभूमीत चालेल, छोटा दगड, पण वाटेत हवा, कडेला नको. मी म्हटलं, नेदरलँड्समध्ये जागा मुदतीवर असते, वीस वर्षांनी दगड उचलून टाकतात. तू म्हणालीस, "वीस खूप झाली. पुढे तू तरी कुठे असणारेस बघायला?" मी म्हटलं, आणि माझा पाय लागला तर? त्यावर तू डोळे बारीक केलेस. "तर नमस्कार कर, वहिनी. एकदा तरी घडेल तुझ्या हातून नणंदेला."

इतकं बिनतोड उत्तर दिल्यावर तुझ्यापुढे हात टेकायचे असतात. मी टेकले नाहीत. परतीच्या बोटीवर, किनारा मागे पडत असताना, मी शेवटचं सगळं एकदम बोलून घेतलं. म्हटलं, अगं, आपल्या लोकांनी किती छान सोडवणूक करून ठेवली आहे. नाव नको, जागा नको, मागे राहणाऱ्यांनी दर वर्षी येऊन फुलं ठेवायची सक्ती नको. पाणी सगळीकडे जातं. तुला भेटायला मला एकाच ठिकाणी यावं लागणार नाही. तू समुद्राकडे बघत ऐकलंस. मग म्हणालीस, "बघू." आणि फोन घेऊन आत गेलीस, गारठा वाढला म्हणून. त्या "बघू"वर आपलं भांडण थांबलं. मी मनात म्हटलं, पुढच्या खेपेला पुरं करू. त्या पुढच्या खेपेची वाट बघत मी निवांत होते, शुभा.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. मग मधे काही दिवस गेले.

त्या दिवसांत मी काय केलं ते सांगते, हसू नकोस. मी हेगला गेले. तुझं घर आवरायचं असं अभयला सांगून निघाले, पण तुझ्या घरी गेलेच नाही. तुझ्या घराजवळच्या दफनभूमीत गेले. ऑफिसात एक तरुण मुलगी होती, तिला सगळं विचारलं. अस्थींसाठी लहान जागा मिळते, वर आडवा दगड बसवता येतो. मी विचारलं, वाटेत मिळेल का, जिथून माणसं चालतात? तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. लोक सहसा शांत कोपरा मागतात, म्हणाली. पण दाखवली तिने. दोन पायवाटा मिळतात तिथे, बीच जातीच्या झाडांखाली. बाहेरून ट्रॅम जाते तेव्हा घंटा ऐकू येते. एक माणूस पाणी घालायची झारी घेऊन तिथूनच गेला, एक बाई कुत्रा घेऊन गेली. मी उभी राहिले तिथे बराच वेळ. निघताना ती जागा थोडे दिवस आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली.

मला ती जागा हवी झाली. तुझ्यासाठी म्हणून गेले होते, पण खरं सांगायचं तर मला हवी झाली. पाणी सगळीकडे जातं वगैरे मी बोटीवर ऐटीत बोलले, तेव्हा तू शेजारच्या खुर्चीत होतीस. आता मी रोज सकाळी उठते आणि तू कुठेच नाहीस. सायकल काढते, तू नाहीस. फ्रीज उघडते, तू आणलेलं ते हेरिंग माशाचं भयंकर लोणचं आहे आणि तू नाहीस. सगळीकडे असणं म्हणजे काय असतं ते मला कळलं. काही नसतं. मला एक जागा पाहिजे जिथे जाऊन मी तुझ्यावर ओरडू शकेन. जिथे चुकून पाय लागला तर वाकता येईल. वाईला वर्षातून एकदा गेले तरी घाटावर काय बघू? नदीकडे बघून कुणाशी भांडता येतं?

तेव्हा मी ठरवलं. तुझी बाजू घेऊन अभयशी बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बाजूने.

आज रविवार. दुपारचा चहा केला, अभय बाहेर ऊन बघत बसला होता. मी सगळं सांगितलं. खेड्यातलं चर्च, ती बाई, या गावची. तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले. हेगची जागा सांगितली, दोन वाटा, ट्रॅमची घंटा. म्हटलं, वाईला नको नेऊया. तिचं तसं होतं. मला वाटलं होतं तो चिडेल. आई-बाबांचं नाव काढेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. सगळी तुझीच उत्तरं होती ती.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "मेधा, तिने मला बोटीवरून फोन केला होता."

मी म्हटलं, काय?

"तुम्ही परत येत होतात तेव्हा. खूप हसत होती. म्हणाली, दादा, तुझ्या बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही, आज पहिल्यांदा मला तिचं पटलं. मला वाईला ने. दगड नको, जागा नको. पाण्यात बरी. म्हणाली, मेधा सगळीकडे येणार आहे म्हणे मला भेटायला. आणि म्हणाली, तिला आत्ता सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

अभय अजून बोलत होता. तिकिटाचं काहीतरी, पुढच्या आठवड्याचं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता हा म्हणेल की गंमत केली. तो गंमत करत नव्हता. मग मी त्याच्यावरच ओरडले. इतके दिवस का बोलला नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं, नंतर तिने सांगितलं असेल तुला. तुझंच तर म्हणणं होतं."

माझंच म्हणणं होतं. खरं आहे. ती झाडांखालची जागा मी सोमवारी फोन करून सोडून देईन. अभयला वाईला जाऊ दे, मीही जाईन, घाटाच्या पायऱ्या उतरेन, आणि तुला माझ्याच हाताने सोडेन, कारण तू तसं सांगितलं आहेस. त्यावर मला आता एक शब्द बोलता येणार नाही. सायकलवरून वळताना हात दाखव म्हटलं तर दाखवला नाहीस. एकटी राहू नकोस, आर्नहेमला आमच्याकडे ये म्हटलं तर आली नाहीस. दम लागतो तर डॉक्टरकडे जा म्हटलं, गेली नाहीस. जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस, शुभा. मग हेच तेवढं कशाला ऐकलंस?